पाद्री आगापितांचं मोतेत

पाद्री आगापित कुलास यांनी आमच्या बोरभाट वाड्यातल्या तीन पिढ्यांना गायला शिकवलं आणि तिन्ही पिढ्यांचं डोकं खाल्लं. आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे लोकांना पहिली गोष्ट तेवढी आठवते. आमच्या कपेलाच्या, वाड्यावरच्या छोट्या चर्चच्या, भिंतीवर त्यांचा फोटो आहे. खाली संगमरवरावर कोरलंय : थोर संगीतकार, प्रेमळ शिक्षक. थोर असतील, मी वाद घालत नाही. पण ‘प्रेमळ’ हा शब्द ज्याने कोरायला सांगितला, तो माणूस त्यांच्यासमोर व्हायोलिन घेऊन कधी उभा राहिला नसणार.

मी उभी राहिले. फ्रॉकातली होते तेव्हापासून ते त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

ते मूळचे आमच्याच वाड्यावरचे. पाद्री झाल्यावर त्यांना सांग्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका चर्चमध्ये धाडलं होतं. तिथल्या दमट हवेने छाती धरली, दमा जडला, आणि ते घरी परत आले ते कायमचे. घरात त्यांची विधवा बहीण होती, तिया एर्मेलिंद. सकाळची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, झाली की पाद्रींना दिवसभर काही काम नसे. दुसरा कोणी असता तर दारापुढच्या बल्कावावर पाय पसरून पेपर वाचत बसला असता. यांनी कपेलाला लागून असलेल्या खोलीत संगीताची शाळा काढली.

मला तिथे कोणी घातलं नव्हतं. माझा थोरला भाऊ जायचा. मुली तेव्हा फार तर लादाय्नीत, घरोघरच्या प्रार्थनेत, गळा काढायच्या, वाद्याला हात लावत नसत. पण भाऊ आंब्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. पाद्री त्याला बघायला म्हणून घरी आले आणि बघितल्यावर रागावले, कारण कपेलाचं फेस्त, वर्षाचा सण, तोंडावर आलेलं आणि दुसरं व्हायोलिन वाजवायला कोणी नाही. मी पाणी घेऊन बाहेर आले.

‘‘हिचे हात बघू,’’ पाद्री म्हणाले.

माय म्हणाली, ‘‘पाद्री, ती मुलगी आहे.’’

‘‘ते दिसतंय मला. मी बोटं बघतोय.’’

बस्स. एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. पुढे लोक म्हणायला लागले की पाद्री काळाच्या पुढे होते, त्यांनी मुलींना पुढे आणलं. त्यांनी कोणालाही पुढे आणलं नाही. त्यांना दुसरं व्हायोलिन हवं होतं. ते लाकडाच्या ओंडक्याने वाजवलं असतं तर त्यांनी ओंडक्याला शिकवलं असतं.

आणि व्हायोलिन तरी लगेच कुठे मिळालं? ते खुंटीवर टांगलेलं. आधी दो-रे-मी. पाद्री रूळ घेऊन दाराच्या चौकटीवर ताल धरायचे आणि आम्ही फळ्यावरचे सुरांचे ठिपके गायचो. फेस्त आलं नि गेलं, माझ्या भावाचा हात बरा झाला, तरी मी ठिपकेच गात होते. चुकलं की ते ओरडत नसत. ओरडले असते तर परवडलं असतं. ते डोळे मिटून घेत, कोणी त्यांच्या पायावर वरवंटा टाकल्यासारखे, आणि म्हणत, ‘‘पुन्हा.’’ संध्याकाळ व्हायची, घराघरांतून तळलेल्या मासळीचा वास सुटायचा, आणि आमचं आपलं ‘पुन्हा’ चाललेलं.

शाळेबाहेरही सुटका नव्हती. आमच्याकडे मयताला बँड लागतो. एकदा वाड्यातल्या एका म्हाताऱ्याला कपेलाकडे नेत होते, बँड पुढे, शवपेटी मागे. पाद्री आगापित मिरवणुकीत होते. मध्येच ते पुढे गेले आणि हात वर करून त्यांनी अख्खा बँड थांबवला. पेटी उचलणारे मागच्या मागे एकमेकांवर आदळले.

‘‘क्लॅरिनेट खाली उतरलंय,’’ पाद्री म्हणाले. ‘‘आधी सूर मिळवून घ्या, मग चाला.’’

म्हाताऱ्याची बायको रडायची थांबली. ‘‘पाद्री, माझा नवरा मेलाय!’’

‘‘हो, बाई. आणि हे क्लॅरिनेट त्याच्या पाठोपाठ चाललंय.’’

सगळे उन्हात उभे राहिले. क्लॅरिनेटवाल्याने वाद्य मिळवलं, पाद्रींनी मान हलवली, तेव्हा मयत पुढे सरकलं. त्या बाईने पुढे कितीतरी वर्षं पाद्रींच्या मिस्सेला पाय ठेवला नाही. पाद्रींच्या हे लक्षातही आलं नसावं.

तर असा माणूस. आता मोतेताची गोष्ट.

ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात आमच्याकडे एक मिरवणूक निघते. खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूची मूर्ती कपेलातून निघते, काळ्या झग्यातल्या सायबिणीची मूर्ती वाड्याच्या दुसऱ्या टोकाने येते, आणि वडाजवळच्या तिठ्यावर मायलेकांची भेट होते. मूर्ती समोरासमोर थांबवतात. त्या वेळी कोयर एक गाणं म्हणतं, त्याला मोतेत म्हणतात. त्यात आई मुलाला हाक मारते.

बोरभाटाचं मोतेत पाद्री आगापितांनी रचलं. मी नुकती कोयरमध्ये वाजवायला लागले होते तेव्हा. शब्द अर्थातच लॅटिन, तीन आवाज, दोन व्हायोलिनं आणि एक मोठा बेस. आईची हाक सेलेस्त म्हणायची. ती शिवणकाम करायची, बोलताना तोंडातून आवाज फुटत नसे, पण गायला लागली की अंगावर काटा यायचा. हाक खालून सुरू होऊन वर चढायची, आणि ती वर टेकली की खालून इनासचा खर्ज यायचा. इनास आमचा पदेर. पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहून पाव भाजायचा. माणूस दाराएवढा आणि आवाज त्याहून रुंद.

पहिल्या वर्षी ते मोतेत झालं आणि तिठ्यावर एकही डोळा कोरडा राहिला नाही. शेजारच्या वाड्यावरची माणसं दुसऱ्या वर्षी मुद्दाम ऐकायला आली. दुसऱ्या कुठल्याही संगीतकाराने एवढ्यावर खूश होऊन नवीन काहीतरी रचायला घेतलं असतं.

पाद्रींनी तेच बदलायला घेतलं.

दर वर्षी उपासकाळ जवळ आला की सराव सुरू व्हायचा, आणि सराव सुरू झाला की पाद्री म्हणायचे, ‘‘थोडंसं बदललंय.’’ एका वर्षी माझ्या व्हायोलिनची अख्खी ओळ सेलेस्तच्या वरून खाली आणली. पुढच्या वर्षी परत वर नेली. आम्ही मोठ्या कष्टाने जुनं विसरायचो, नवं पाठ करायचो, आणि ते जिभेवर बसलं रे बसलं की ते पुन्हा फळा पुसायचे.

इनास एकदा म्हणाला, ‘‘पाद्री, पीठ मीसुद्धा रोज नवं मळतो. पण लोकांना पाव कालच्यासारखा लागतो.’’

‘‘म्हणून तुझा पाव कधी सुधारला नाही,’’ पाद्री म्हणाले.

इनास आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. पण पाव द्यायचा थांबला नाही, एवढा तो चांगला.

मग लॅटिन गेलं. रोमहून हुकूम आला की यापुढे प्रार्थना लोकांच्या भाषेत. आमचे विगार, म्हणजे मुख्य पाद्री, सरावाला येऊन म्हणाले की पुढच्या उपासकाळात मोतेतही कोकणीत हवं. आम्हाला वाटलं, आता पाद्री आगापित कोसळणार. त्यांचं सगळं रचलेलं लॅटिनमध्ये होतं. आम्ही त्यांचं सांत्वन करायची तयारीसुद्धा केली होती; तिया एर्मेलिंदने गुळाचं गोड दोदोल करून ठेवलं होतं.

पाद्रींना इतका आनंद झाला की त्यांनी दोदोलाला हात लावला नाही. त्यांना सगळं परत बदलायचं अधिकृत कारण मिळालं होतं.

त्यानंतर ते वाड्यावर फिरायला लागले. कोणी बोलत असलं की जवळ जाऊन उभे. विहिरीवर दोघी भांडत असल्या तर यांनी मध्ये पडून भांडण सोडवायचं सोडून कान लावून ऐकायचं. ‘‘हे वाक्य पुन्हा म्हण, शेवटचं,’’ असं एकीला सांगितलं, तर ती बिचारी लाजून भांडायचीच थांबली. कोकणी शब्द कुठे चढतात, कुठे पडतात हे ते शोधत होते. त्यांनी आधी जुन्याच चालीवर शब्द बसवले होते. लॅटिनमधल्या ‘फिली’च्या जागी ‘पुता’. आमचा सराव त्यावर चालू होता.

एक दिवस सराव चालू असताना बाहेरून लुदविन मासळीवाली चालली होती. डोक्यावर पाटी. तिचा धाकटा तळीवर पोहायला पळाला होता आणि ती त्याला हाका मारत होती, ‘‘पुताऽऽ, ये रेऽऽ!’’

पाद्रींनी रूळ टाकला आणि दम्याचा माणूस धावत बाहेर गेला. आम्ही सगळे मागून.

‘‘लुदविन, पुन्हा म्हण.’’

‘‘काय म्हणू? बांगडे?’’

‘‘पोराला हाक मारलीस ती.’’

‘‘तो आला की, पाद्री. हा काय, उभा आहे ओला.’’

‘‘त्याला परत पाठव.’’

‘‘परत तळीवर? आत्ता तर कान धरून आणला!’’

पण पाद्रींचा शब्द. पोराला लांब उभं केलं, आणि लुदविनने पाटी सावरत, चर्चमध्ये बायबल वाचतात तशा आवाजात हाक मारली. पाद्रींनी डोळे मिटले. ‘‘असं नाही. मघाशी मारलीस तशी. रागावून.’’

‘‘राग आता तुमच्यावर आलाय, पाद्री, पोरावर नाही. माझी मासळी उन्हात आहे.’’

तरी तिने मारली एक हाक, खरंच वैतागून. पाद्री आत आले आणि त्यांनी फळा पुसला. सेलेस्तने तिथेच डोळ्याला पदर लावला, कारण तिला कळलं काय होणार ते.

‘‘इतकी वर्षं आपण चूक गायलो,’’ पाद्री म्हणाले. ‘‘आई हाक मारते तेव्हा सूर वरून खाली येतो. ‘सोल’वरून ‘मी’वर. आपण खालून वर चढवत होतो. जगातली कुठलीही आई अशी हाक मारत नाही.’’

इनास म्हणाला, ‘‘पाद्री, त्या चढणाऱ्या सुरावरच लोक रडतात.’’

‘‘लोक कशावरही रडतात. कांद्यावर रडतात.’’

झालं. आम्ही वरून खाली शिकलो. रागावत, कुरकुरत, पण शिकलो. पाठ झालं. आणि मिरवणुकीच्या दिवशी सकाळी पाद्री मिस्सेनंतर म्हणाले, ‘‘थोडंसं बदललंय. पहिली हाक सेलेस्त एकटी म्हणेल. व्हायोलिन नको, बेस नको, इनास नको.’’

सेलेस्त पांढरीफटक पडली. भर रस्त्यात, सगळ्या वाड्यासमोर, आधाराला एक तार नाही! इनास तर लालबुंद झाला. पाद्री निघून गेल्यावर आम्ही सगळे त्याच्या भट्टीवर जमलो. उभ्या उभ्या गरम पाव खात होतो आणि सगळे एकदम बोलत होते.

‘‘आज जुनं गायचं,’’ इनास म्हणाला. ‘‘पहिलं. वर चढणारं. कोकणी शब्द घालून. ते झोपेतसुद्धा येतं आपल्याला.’’

‘‘आणि पाद्री?’’ सेलेस्तने विचारलं.

‘‘पाद्री हात हलवतील. हलवू देत.’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण सुरुवातीचा सूर मी द्यायचे. मी म्हटलं, देते. मला त्याची खंत तेव्हा नव्हती, आजही नाही. माणसाने माणसाला किती छळावं यालाही काही सीमा आहे.

संध्याकाळी तिठ्यावर मूर्ती समोरासमोर आल्या. मी जुना सूर दिला. पाद्रींचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. सेलेस्तचा आवाज वर चढला, इनासचा खर्ज आला, बायकांनी रुमाल काढले. पाद्रींनी हात हळूच खाली घेतला आणि शेवटपर्यंत ते बाजूला, खिळल्यासारखे उभे राहिले. मोतेत संपल्यावर आमच्याकडे न बघता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेला कुलूप. तिसऱ्या दिवशी कुलूप. ईस्टर गेला, आंबे पिकायला लागले, कुलूप तसंच. सकाळची मिस्सा ते म्हणायचे, पण उपदेश नाही, गाणं नाही, कोणाशी शब्द नाही. वाडा आमच्यावर उलटला. माय मला म्हणाली, ‘‘पाद्रीचं काळीज मोडलंत गो तुम्ही. कुठे फेडाल?’’ जी माणसं वर्षानुवर्षं पाद्रींच्या नावाने बोटं मोडत होती, ती आम्हाला रस्त्यात टाळायला लागली. इनासने विगारांकडे जाऊन पापाची कबुली दिली. विगार म्हणाले, ‘‘आज याच पापाची ही चौथी कबुली आहे. तुम्ही सगळे एकदम का येत नाही?’’

शेवटी एक दिवस तिया एर्मेलिंद आमच्या घरी आली. मी म्हटलं, आता ही रडणार.

ती म्हणाली, ‘‘आर्मिंद, त्याला माझ्या घरातून बाहेर काढ.’’

‘‘जेवत नाहीत का?’’

‘‘जेवत नाही? तुडुंब जेवतो. पण दिवसभर घरात आहे गो! माझ्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी वाजवून बघितली आणि सुराप्रमाणे लावून ठेवली. मला भाताचं पातेलं सापडत नाही. विचारलं तर सांगतो, ते ‘फा’ आहे, तिसऱ्या फळीवर बघ. मी जपमाळ घेऊन तेर्स म्हणायला बसले की बाहेरून सांगतो, खाली उतरलीस.’’

मायने तिला चहा दिला. चहा पिता पिता ती जरा थंड झाली आणि मग म्हणाली, ‘‘ती लुदविन मला बाजारात भेटली. सांगत होती, पाद्रींनी पोराला परत पाठवून हाक मारायला लावली म्हणून. अख्खा बाजार हसला. मीही हसले. घरी येऊन मला हसू येईना. त्याला बोट धरून चालायच्या वयात सेमिनारीत, पाद्री होण्याच्या शाळेत, नेऊन घातला गो. आमची आई सुट्टीत त्याला बघायची, तेव्हासुद्धा ‘पाद्री’च म्हणायची, एवढासा होता तरी. त्याला घराबाहेरून कोण हाक मारणार होतं? त्याला ठाऊक असणार कुठून?’’ मग कप खाली ठेवून म्हणाली, ‘‘ते काही असो. उद्या येऊन त्याला घेऊन जा.’’

मी आणि इनास गेलो. पाद्री बल्कावावर बसले होते. इनासने येताना रस्ताभर पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली.

‘‘पाद्री, त्या दिवशी जे झालं...’’

‘‘फार वाईट झालं,’’ पाद्री म्हणाले.

इनासची मान खाली गेली. ‘‘माफ करा आम्हाला.’’

‘‘तुम्हाला काय माफ करायचं? चूक माझी. सकाळी नवीन दिलं, तुमच्या लक्षात राहिलं नाही, घाबरून जुनं गायलात. साहजिक आहे.’’

इनासने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस, सुटलो आपण. पण तो इनास.

‘‘आम्ही विसरलो नव्हतो, पाद्री. आम्ही ठरवून गायलो. माझ्या भट्टीवर ठरवलं.’’

‘‘ठरवून?’’

‘‘हो.’’

पाद्रींनी बराच विचार केला. ‘‘तिसऱ्या ओळीत तू अर्धा सूर खाली होतास, तेही ठरवून?’’

मी तिथेच पायरीवर बसले. आम्ही सगळे रात्ररात्र तळमळत होतो, वाड्याच्या शिव्या खात होतो, इनासने कबुलीसुद्धा दिली होती, आणि या माणसाला बंड झाल्याचा पत्ताच नव्हता! मी विचारलं, ‘‘मग इतके दिवस बोलत का नव्हता?’’

‘‘ऐकत होतो,’’ पाद्री म्हणाले. ‘‘मी मोतेत आजवर बाजूला उभं राहून कधी ऐकलंच नव्हतं, आर्मिंद. नेहमी हात हलवत असतो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वर चढो की खाली येवो, चूक तिथे नाहीच. चूक पुढे आहे. आई हाक मारते. मग काय करते?’’

इनास डोकं खाजवायला लागला, तेव्हा पाद्रींनीच उत्तर दिलं.

‘‘थांबते! मूल ओ देतंय का ऐकते. आणि आपण काय करतो? तिची हाक संपायच्या आत इनासला आत घुसवतो. तिथे शांतता हवी.’’

‘‘म्हणजे मी गप्प राहायचं?’’ इनास म्हणाला.

‘‘थोडा वेळ.’’

‘‘किती?’’

‘‘ते मी ठरवतोय.’’

ते ठरवायला त्यांना उरलेलं आयुष्य लागलं.

आम्ही तिथल्या तिथे एक अट घातली. राखेचा बुधवार झाला, उपासकाळ सुरू झाला, की मोतेतातला एक सूर बदलायचा नाही. पाद्रींनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. शाळेचं कुलूप निघालं. आणि शब्द त्यांनी पाळला, असं त्यांचं म्हणणं. सूर त्यांनी पुढे कधीच बदलला नाही. पण शांतता दर सरावाला बदलायची. एकदा लांब, एकदा आखूड, कधी हात वर धरून आम्हाला ताटकळत ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘नाही, आज नाही जमलं.’’ इनास चिडून अटीची आठवण करून द्यायचा, तर शांतपणे म्हणायचे, ‘‘मी सूर कुठे बदलला? न गाण्याची लांबी बदलली.’’

आणि ती शांतता भर रस्त्यात! पहिल्या वर्षी सेलेस्तने हाक मारली, वरून खाली, एकटीने. मग आम्ही गप्प उभे. लोकांना वाटलं आम्ही विसरलो. एक म्हातारी मोठ्याने शब्द सांगायला लागली. दुसऱ्या वर्षी विगारांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी प्रार्थना सुरू केली. पुढे एकदा कुत्रं भुंकलं आणि पोरं खिदळली. एकदा इनासला राहवलं नाही, तो आधीच सुरू झाला आणि पाद्रींनी रस्त्यातच त्याच्याकडे बघून डोळे मिटून घेतले. दर वर्षी कोणीतरी येऊन मला सांगायचं, ‘‘आर्मिंद, ते मधलं थांबणं काढा. पूर्वी काय सुंदर होतं!’’ मी काय सांगणार?

मग एका वर्षी ते जमलं. का जमलं मला माहीत नाही. आम्ही काही वेगळं केलं नव्हतं. सेलेस्तने हाक मारली आणि तिठ्यावर सगळं थांबलं. खोकला नाही, चप्पल घासल्याचा आवाज नाही. मूर्ती खांद्यावर घेतलेली माणसं हलायची थांबली. कोणी रडत नव्हतं. सगळे त्या काळ्या झग्यातल्या मूर्तीकडे बघत होते, जणू आता पलीकडून तिला ओ येईल. पाद्रींचा हात हवेत होता. मग त्यांनी तो खाली आणला आणि इनास आला. मी इतकी वर्षं वाजवलं, पण तसं पुन्हा झालं नाही.

मोतेत संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, आता तरी.

पाद्री म्हणाले, ‘‘किंचित लांबलं.’’

मी व्हायोलिन पेटीत टाकलं आणि त्यांना न सांगता घरी गेले.

त्यांनी हात हलवलेलं ते शेवटचं मोतेत. पुढच्या पावसाळ्यात दम्याने उचल खाल्ली आणि ते अंथरुणाला खिळले. मी शाळेतल्या मुलांना शिकवून दुपारची त्यांच्याकडे जायचे. ते उशीला टेकून बसलेले असायचे, श्वास शिट्टीसारखा वाजायचा, आणि त्या शिट्टीचा सूर कुठला हेही ते मला सांगायचे. एक दिवस मला मोतेत वाजवायला लावलं. मी हाक वाजवली, थांबले, पुढे गेले.

‘‘लवकर,’’ ते म्हणाले.

पुन्हा वाजवली.

‘‘उशीर.’’

‘‘पाद्री, एकदाच काय ते सांगा,’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्यानंतर आम्ही काय करायचं?’’

‘‘ऐकायचं.’’

‘‘ऐकून काय? किती थांबायचं ते सांगा! इनास विचारतो, सेलेस्त विचारते, सगळे मला विचारतात!’’

ते हसले, तर त्यांना खोकला आला. तिया एर्मेलिंद धावत आली, मला म्हणाली, ‘‘कशाला बोलायला लावतेस त्याला?’’ जणू मीच त्यांना छळत होते! खोकला थांबल्यावर त्यांनी हाताने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा वाजवलं. ते काहीच बोलले नाहीत. मी बघितलं तर त्यांना झोप लागली होती. बरोबर होतं की चूक, ते राहिलंच. त्या आठवड्यात ते गेले.

पुढच्या उपासकाळात हात वर करायची पाळी माझ्यावर आली. विगारांनीच सांगितलं. मी तिठ्यावर उभी राहिले, मूर्ती समोरासमोर आल्या, सेलेस्तने हाक मारली. माझा हात वर होता. आता खाली आणायचा, असं मला वाटलं, आणि मग वाटलं, नाही, अजून नाही. मग परत वाटलं, आता. आणि मग कळेना. लोक चुळबुळ करायला लागले, बेसवाला माझ्याकडे डोळे फाडून बघायला लागला. शेवटी इनास कोणाची वाट न बघता सुरू झाला आणि आम्ही त्याच्या मागून कसेबसे शेवटापर्यंत पोचलो.

मिरवणूक संपल्यावर तो माझ्या बाजूला आला. त्याचे केस पिकले होते आणि चालताना तो हल्ली धापा टाकायचा.

‘‘आर्मिंद, काय झालं गो? हात आखडला?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

लोक म्हणतात मी रडत होते. मी रडत नव्हते. मी त्यांच्यावर चिडले होते. आयुष्यभर ते सगळ्या वाड्याला सूर सांगत फिरले, बँड थांबवले, भांडी लावली, आणि जाताना एवढी एक गोष्ट सांगून गेले नाहीत. इनासने खिशातून पाव काढला, अर्धा मोडून मला दिला, आणि आम्ही खात खात घराकडे चाललो. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला की पुढच्या वर्षी आपण ठरवून टाकू, एकदाच, कायमचं, आणि कोणी काही म्हटलं तरी बदलायचं नाही. मी हो म्हटलं. आम्ही अजून ठरवलेलं नाही.